फोल्डर की लेबल? मेल लावण्याआधी

आउटलुक आणि याहू मेलमध्ये फोल्डर असतात. जीमेलने २००४ साली सुरुवात केली तीच लेबलं घेऊन. पडद्याच्या डाव्या बाजूला दोन्ही याद्या सारख्याच दिसतात. फरक कळतो तो काहीतरी काढून टाकताना, म्हणून निवड करताना मी आधी तेच बघायला सांगेन.

फोल्डरमधला मेल एकाच जागी असतो. विम्याच्या हप्त्याची पावती ‘विमा’मध्ये ठेवली, तर ‘कर’मध्ये ती सापडणार नाही; दोन्हीकडे हवी तर वेगळी प्रत करावी लागते. जीमेलमध्ये त्याच पावतीला दोन्ही लेबलं लागतात. पण मेल एकच असतो. ‘विमा’ उघडून तो डिलीट केला, की ‘कर’मधूनही गेला, आणि ट्रॅशमधून ३० दिवसांनी कायमचा. ‘विमा’मधून नुसता हलवायचा असेल तर मेलवरचं लेबल तेवढं काढा. अख्खं लेबल पुसलंत तरी आतले मेल ‘ऑल मेल’मध्ये शाबूत राहतात. आउटलुकमध्ये मात्र फोल्डर डिलीट केला की आतले मेलही त्याच्याबरोबर जातात. घाईत साफसफाई करणाऱ्याला हा फरक फार महागात पडू शकतो.

एकाच मेलचा दोन-तीन कामांशी संबंध येत असेल तर लेबलंच घ्या. काम संपलं की सगळं उचलून बाजूला ठेवायची सवय असेल, तर फोल्डर सरळ आणि पुरेसे आहेत. आउटलुकमध्ये जोडीला रंगीत कॅटेगरी, म्हणजे लेबलांसारख्या खुणा, आहेतच. जीमेल आयमॅपने (दुसऱ्या ॲपमधून मेल बघायची सोय) दुसऱ्या ॲपमध्ये जोडलं, की लेबलं तिथे फोल्डर म्हणून दिसतात आणि दोन लेबलांचा मेल दोन ठिकाणी दिसतो. तो दुबार आलाय असं समजून एक उडवू नका.

नावं ठेवताना पद्धत कोणतीही असो, अडचणी त्याच. यादी बहुधा अक्षरांप्रमाणे लागते, त्यामुळे महिन्यांची नावं दिली तर एप्रिल जानेवारीच्या आधी येतो. ‘२०२५-०१’, ‘२०२५-०२’ असं लिहा, क्रम आपोआप जुळतो. एक अंकी आकड्याआधीचं शून्य गाळू नका. नावात तिरपी रेघ टाळा, काही ठिकाणी तिच्यामुळे आत उपफोल्डर तयार होतो. मराठी नावं वेबवर व्यवस्थित चालतात. जुन्या मेल प्रोग्रॅममध्ये मात्र त्यांच्या जागी अगम्य अक्षरं दिसू शकतात.

पाठवणाऱ्याच्या नावाने फोल्डर करणं मला पटत नाही. ते काम सर्च क्षणात करतं. नाव कामाचं द्या: ‘घर-करार’, ‘विमा-दावा’. ‘इतर’ तर नकोच. तिथे गेलेलं पुन्हा कोणी उघडत नाही.

मग फिल्टर लावा, म्हणजे मेल आपोआप आपल्या जागी जातील. जीमेलमध्ये तो करतानाच जुन्या मेलना लागू करायची खूण असते, आउटलुकमध्ये त्यालाच रूल म्हणतात, आणि तयार झालेला रूल लगेच चालवता येतो. जुना ढीग हाताने उपसत बसू नका.