पोस्टग्रेस विंडोज सर्व्हरवर चालवावं की रेड हॅटवर?

डिचोली, फोंडा, म्हापशाच्या पतसंस्था जुनं सॉफ्टवेअर बदलायला निघतात तेव्हा डेटाबेस म्हणून पोस्टग्रेसवर (पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त सॉफ्टवेअरवर) बहुतेकदा लगेच एकमत होतं. घोडं अडतं ते सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमवर. विंडोज सर्व्हर ठेवायचा की रेड हॅट लिनक्स घ्यायचा? दोन्हींना पैसे मोजावेच लागतात. विंडोजचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर ठरतो, किमान 16 कोअरचा घ्यावा लागतो आणि वापरणाऱ्यांचे कॅल, म्हणजे सर्व्हर वापरण्याचे परवाने, वेगळे. रेड हॅटची वर्गणी ठरावीक मुदतीची असते, माणशी आकार नाही.

माझं मत आधीच सांगतो. शाखा जोडलेल्या असतील किंवा पुढे जोडायच्या असतील, तर रेड हॅट घ्या. सगळा कारभार एकाच इमारतीत, विंडोज सर्व्हर आधीच घेतलेला आणि तो सांभाळणारा भरवशाचा माणूस हाताशी असेल, तर विंडोजवर खुशाल राहा.

पोस्टग्रेस मुळात युनिक्सवर वाढलं. विंडोजवर ते थेट चालू लागलं जानेवारी 2005 मध्ये, 8.0 आवृत्तीपासून, त्याआधी सिगविनचा, म्हणजे युनिक्सचे प्रोग्राम विंडोजवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, टेकू लागायचा. विंडोजवर आणण्याचं ते काम मनापासून केलेलं आहे आणि आजही सांभाळलं जातं. पण मूळ घडण बदललेली नाही. प्रत्येक कनेक्शनसाठी पोस्टग्रेस स्वतंत्र प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रामची वेगळी प्रत, उघडतं. लिनक्सवर ‘फोर्क’ने चालू प्रोसेसची प्रत झटकन निघते. विंडोजमध्ये फोर्क नाही, त्यामुळे प्रोसेस कोरी सुरू करायची, तिला सगळी माहिती नव्याने द्यायची आणि शेअर्ड मेमरी (सगळ्या प्रोसेसची सामाईक मेमरी) नेमकी त्याच पत्त्यावर जोडायची, असा खटाटोप दर वेळी होतो. काउंटरवरचं सॉफ्टवेअर सकाळी कनेक्शन उघडून संध्याकाळपर्यंत धरून ठेवत असेल तर हा फरक कळणारही नाही. पावतीगणिक नवं कनेक्शन उघडणारं असेल तर कळतो, आणि मग मध्ये पीजीबाउन्सर, म्हणजे उघडलेली कनेक्शनं पुन्हापुन्हा वापरणारा मध्यस्थ, बसवावा लागतो. तुमचं सॉफ्टवेअर यातलं काय करतं, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.

विंडोजवर दुसरी डोकेदुखी अँटीव्हायरसची. पोस्टग्रेस आपल्या फायलींची नावं सतत बदलत असतं, आणि नेमकी तीच फाइल अँटीव्हायरसने तपासायला उघडून धरली की नाव बदलणं अडतं आणि लॉगमध्ये ‘परमिशन डिनाइड’ दिसू लागतं. डेटा फोल्डर तपासणीतून वगळला की प्रश्न बहुधा मिटतो. मात्र अँटीव्हायरस बदलला की ही सवलत पुन्हा द्यायची, हे कुणाच्या तरी वहीत लिहिलेलं हवं.

माझ्या लेखी सगळ्यात वजनदार मुद्दा बॅकअपचा आहे. डेटाबेसची पूर्ण प्रत काढणारं पीजी-डंप दोन्हीकडे चालतं, पण रात्री काढलं तर ते रात्रीचंच चित्र देतं. दुपारी साडेतीनला कुणी चुकून ठेवींचं टेबल उडवलं, तर 3 वाजून 29 मिनिटांपर्यंतचा डेटा परत मिळायला हवा. त्यासाठी मूळ बॅकअपसोबत वॉल फायली, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, सतत साठवाव्या लागतात. रेड हॅटवर हे काम पीजीबॅकरेस्ट हे बॅकअपचं साधन करतं, जुने बॅकअप काढून टाकण्यापासून ते साठवलेलं शाबूत आहे का हे तपासण्यापर्यंत. विंडोजवर ते चालत नाही. तिथे स्वतःची स्क्रिप्ट लिहावी लागते. लिहिता येते, पण लिहिणारा नोकरी सोडून गेला की ती स्क्रिप्ट कुणाला उलगडत नाही. लोकांच्या ठेवी सांभाळणाऱ्या संस्थेने एवढी जोखीम का घ्यावी?

पावसाळ्यात वीज जाते-येते, त्याचा धोका दोन्हींना सारखाच. यूपीएस हवाच. शिवाय साध्या डिस्कचं राइट कॅशिंग, म्हणजे लिहिलेलं आधी तात्पुरत्या मेमरीत धरून ठेवणं, बंद करा. विंडोजमध्ये ते डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये सापडतं.

खातेदारांची नावं देवनागरीत असतील तर वर्णक्रमाकडे नीट बघा. युनिकोडच्या आकड्यांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे येतो, आपल्या वर्णमालेत मात्र ‘ह’च्या नंतर. म्हणून आकड्यांप्रमाणे लावलेल्या यादीत केळकर आधी आणि केसरकर मागून येतात, आणि छापील यादी हातात घेतलेला कारकून नाव शोधत बसतो. डेटाबेस तयार करतानाच भाषांचे वर्णक्रम पुरवणारी आयसीयू ही लायब्ररी निवडून ‘एमआर-आयएन’ (मराठी, भारत) हे लोकेल, म्हणजे भाषेची निवड, द्या. आवृत्ती 15 पासून ते अख्ख्या डेटाबेसला लावता येतं आणि दोन्ही सिस्टिमवर नाव तेच राहतं.

लिनक्सवाल्यांनीही इथे गाफील राहू नये. रेड हॅट 7 वरून 8 वर जाताना ग्लिबसी (लिनक्सची मूळ लायब्ररी, वर्णक्रमही तीच ठरवते) 2.17 ची 2.28 झाली आणि शब्दांचा क्रमच बदलला. डेटा फोल्डर तसाच उचलून नेला तर मजकुरावरचे इंडेक्स (शोधासाठी लावलेल्या सूची) चुकतात, असलेलं नाव शोधूनही सापडत नाही. ते इंडेक्स नव्याने बांधावेच लागतात.

आज विंडोज घेऊन उद्या रेड हॅटवर जाता येईल का? येईल, पण डेटा फोल्डर कॉपी करून नव्हे. डेटाबेस लहान असेल तर शनिवारी कामकाज संपल्यावर डंप काढा आणि रविवारी नव्या मशीनवर चढवा. मोठा असेल तर आवृत्ती 10 पासून आलेलं लॉजिकल रेप्लिकेशन लावा, म्हणजे जुना सर्व्हर चालू असतानाच नवा भरत जातो. त्यात सिक्वेन्सचे, म्हणजे पावतीचे वगैरे पुढचे क्रमांक देणारे, आकडे आपोआप येतीलच असं धरू नका. काउंटर उघडण्याआधी ते तपासा, नाहीतर पहिल्याच पावतीला जुना नंबर लागेल.