प्रोटेजे: सर्व्हिसेसची ऑन्टॉलॉजी बांधायला उत्तम, पण डोमेन जपून

ऑन्टॉलॉजी म्हणजे एखाद्या विषयातल्या संकल्पना आणि त्यांची नाती यांची संगणकाला वाचता येईल अशी मांडणी. ती बांधायचं स्टॅनफर्डचं प्रोटेजे हे सॉफ्टवेअर मोफत आणि मुक्तस्रोत आहे. सर्व्हिसेस, त्यांचे इनपुट-आउटपुट आणि डेटा प्रकार मांडायला फार सोयीचं. रीझनर म्हणजे या मांडणीतून तर्काने निष्कर्ष काढणारा प्रोग्राम. 'रीझनर' मेनूत त्यातला हर्मिट निवडा, कंट्रोल-आर दाबा. व्याख्येत विसंगती असलेला क्लास (वस्तूंचा गट) लगेच लाल दिसतो.

घोळ होतो तो 'डोमेन'पाशी, म्हणजे एखादा गुणधर्म कोणत्या क्लासच्या वस्तूंना असतो हे सांगणाऱ्या नोंदीपाशी. 'बिलरक्कम' या गुणधर्माचं डोमेन 'बिल' ठेवलं आणि ती चुकून एखाद्या ग्राहकाला जोडली, तर एरर येत नाही. तो ग्राहकच बिल ठरतो! दोन्ही क्लास 'डिसजॉइंट' (एकच वस्तू दोन्हींत असू शकत नाही असे) केले तरच चूक सापडते. रक्कम भरलीच नाही तरी रीझनर गप्प, कारण ओडब्ल्यूएल (OWL) या प्रोटेजेच्या ऑन्टॉलॉजी-भाषेत 'माहीत नाही' म्हणजे 'नाही' नव्हे. ती तपासणी शॅकल (SHACL) या डेटा तपासायच्या नियमभाषेने करा. नुसती वर्गवारी हवी असेल तर स्कॉस (SKOS) हा संकल्पनांच्या याद्या मांडायचा साधा साचा पुरे.