गाडीला धुराडं होतं, फक्त भोक नव्हतं

लिहू का नको करत दोन महिने गेले, कारण यात माझ्या व्हॅनला गॅस हीटर बसवून देणाऱ्या माणसाच्या लबाडीपेक्षा माझा येडेपणा जास्त दिसतो, आणि कोल्हापुरात असलं काय एकदा सांगितलं की पुढची दोन वर्षं कट्ट्यावर तोच विषय. पण परवा एका ओळखीच्यानं फोन करून विचारलं, भावा तुझ्या व्हॅनला गॅस हीटर हाय न्हवं, कुठनं बसवलास? तेव्हा म्हटलं आता लिहितोच.

गाडी म्हणजे जुनी विंगर, सीटा काढून बेड, ओटा, पाण्याची टाकी असं हळूहळू करत आणलेली. कोल्हापुरात हीटर कशाला म्हणाल तर बरोबरच आहे, इथं डिसेंबरात पण लोक रंकाळ्यावर आईस्क्रीम खातात, पण आमच्या डोक्यात हिमाचलातलं गारठ्याचं स्पिती बसलेलं. शहराबाहेर शेड टाकून गाड्या सजवून देणारा एक जण आहे, त्याच्याकडं गेलो. बोलता बोलता माझ्या बायकोचं माहेर त्याच्या शेजारच्या गावचं निघालं, झालं, मी लगेच दाजी. "दाजी, ही जर्मनीची वस्तू हाय. आतली हवा वापरतच न्हाई. भायेरनं हवा घेणार, भायेरच धूर सोडणार, आत नुस्ती ऊब. लेकरं निवांत झोपत्यात." फिटिंगसकट ६२ हजार आणि अलार्म फुकट. बिल मागितलं तर म्हणे, "दाजीकडनं जीएसटी घ्यायचा व्हय मी?" आणि मी खूश. रोख मोजून दिले.

आता गंमत अशी की तो बोलला त्यातला शब्द न शब्द खरा होता, फक्त त्या हीटरबद्दल नव्हता. युरोपात कॅम्परला, म्हणजे आत झोपायची सोय असलेल्या गाडीला, जे हीटर लावतात त्यांची जाळ पेटायची पेटी पूर्ण बंद असते, ज्वालेला हवा बाहेरून येते, धूर दुसऱ्या वाटेनं बाहेरच जातो आणि आतल्या हवेला लागतो तो फक्त त्या पेटीचा तापलेला पत्रा. म्हणून माणूस आत झोपू शकतो. जर्मनीत तर कॅम्परच्या गॅसची दर २ वर्षांनी तपासणी करतात. मी हे सगळं व्हिडिओ बघून पाठ केलं होतं, त्यामुळं तो तेच बोलला की मला वाटलं गड्याला कळतंय.

पावसाळ्यानंतर त्यानं सर्व्हिसला बोलावलं. साडेतीन हजार घेतले. म्हणाला, धुराड्यात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं, काढलं, नाहीतर धूर उलटा आत आला असता दाजी. हे पण खरंच होतं बरं का, उभ्या गाडीच्या धुराड्यात कुंभारमाशी खरंच घर करते आणि धूर खरंच उलटतो. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

स्पितीच्या आधी एक ट्रायल म्हणून जानेवारीत गगनबावड्याला गेलो, मी, बायको आणि पोरगी. ओळखीच्याच्या शेतात गाडी लावली, डब्यातनं नेलेला तांबडा पांढरा हाणला, नऊला हीटर लावला. झकास ऊब. बाराच्या सुमाराला जाग आली ती डोकं ठणकत होतं म्हणून, आणि मळमळ. मला वाटलं तांबड्यानं ॲसिडिटी झाली. बायको पण उठली, तिचं पण डोकं. ती म्हणाली, "अहो, पोरीनं तर नुसता पांढरा खाल्लाय, तिचं पण डोकं दुखतंय म्हणती." आणि मग तिनं काचेवर बोट फिरवलं. काचेवरून पाण्याचे ओघळ चाललेले. छताच्या पत्र्याला थेंब, उशी दमट. एवढं पाणी आलं कुठनं?

दार उघडून तिघं बाहेर बसलो, दहा पंधरा मिनिटांत पोरीचं डोकं हलकं झालं. मी टॉर्च घेऊन गाडीच्या बाजूला गेलो आणि ते स्टीलचं चकचकीत धुराडं, त्याच्या टोपीवर हात ठेवला. थंडगार. नुसतं थंड नाही, दव पडलेलं त्याच्यावर. तीन तास आत जाळ चालू आहे आणि धुराड्यावर दव! तिथंच पोटात गोळा आला माझ्या.

पाण्याचं नंतर कळलं. एक किलो गॅस जळला की दीड लिटरच्या वर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. चांगल्या हीटरमधे ती वाफ धुराबरोबर बाहेर जाते, आमच्यात ती काचेवर आली होती, म्हणजे तिच्याबरोबरचा धूर पण आमच्याच छातीत गेला होता. आणि त्यात कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम घातलेला असतो, आणि जळाला की तो पण जातो, त्यामुळं नाकावर भरोसा ठेवून काय उपयोग नाही. बंद बाथरूममधे गॅस गिझरनं माणसं जातात म्हणून आपण पेपरात वाचतो ना, तेच, फक्त इथं बाथरूमला चाकं होती.

सकाळी थेट उद्यमनगर. तिथं बर्नरचं काम करणारे एक काका आहेत, कमी बोलतात. त्यांनी धुराड्याचे चार रिवेट उडवले, टोपी बाजूला केली आणि मला बोलावलं. मागं पत्रा अखंड होता. कापलेलाच नव्हता! कंपनीचा पांढरा रंग पण तसाच. आतनं हीटरचा ॲल्युमिनियमचा पाइप निघून प्लायच्या मागं गेला होता आणि तिथंच संपला होता, म्हणजे धूर भिंतीच्या पोकळीतनं फिरून परत आमच्या बेडखाली. मला एकदम ती कुंभारमाशी आठवली. साडेतीन हजार घेऊन ह्या बाबानं न पाडलेल्या भोकातनं माशीचं घर काढलं होतं!

काकांनी हीटर उघडला. जर्मनी वगैरे काय नाही, मोकळ्या जागेत शेकायला गॅसवरची शेगडी मिळते तिची छिद्रांची फरशी, वर बारा व्होल्टचा पंखा आणि भोवती पेटी. चकचकीत स्टिकर होता पण पट्टी नव्हती, खऱ्या हीटरवर एक पट्टी असते ज्यावर सिरीयल नंबर, किती किलोवॅट, गॅसचं प्रेशर किती हे छापलेलं असतं. आणि रेग्युलेटर? घरगुती रेग्युलेटर साधारण ३० मिलीबारला असतो, ह्यानं भट्टीवाल्यांचा हाय प्रेशरचा लावलेला, त्यात जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोक, सुईनं टोकरून मोठा केलेला. जाळ पिवळा मारत होता, वरच्या जाळीला काजळी. "हे तीन तास पेटवून तुम्ही झोपला होता?" एवढंच विचारलं काकांनी, आणि पोरीकडं बघितलं.

फुकटचा अलार्म राहिलाच. तो छताला चिकटवलेला, बटण दाबलं की कुई करायचा आणि मी दर आठवड्याला दाबून खूश व्हायचो. ते बटण फक्त आवाज येतो का ते सांगतं. मुळात तो गळक्या गॅसचा अलार्म होता, मोनॉक्साइड त्याला कळतच नाही, आणि गळक्या गॅससाठी पण जागा चुकीची, कारण एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साचतो. म्हणूनच सिलिंडरचा कप्पा आतनं बंद करून त्याच्या तळाला भोक ठेवतात. माझा सिलिंडर बेडखाली उघडा.

त्याला फोन केला तर आधी हसला, मग "पोरांच्याकडनं राहिलं असंल दाजी, आणा, भोक पाडून देतो." भोक पाडून देतो! मेव्हणा दोघांना घेऊन शेडवर गेला तेव्हा कुठं १५ हजार आले. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, लावला, त्यांनी पहिला प्रश्न बिलाचा विचारला. माझ्याकडं एकच पुरावा, त्याचा व्हॉट्सॲप मेसेज, "६२ पोचले दाजी" आणि खाली हात जोडलेले. त्यावरच तक्रार टाकली आहे, बघू.

कुणी असलं काय बसवून घेणार असाल तर पैसे द्यायच्या आधी अर्धा तास हीटर चालवायला लावा, बाहेर जाऊन धुराड्याला हात लावून बघा, जपून, कारण खरं असेल तर चटका बसेल. माणूस म्हणाला उगंच कशाला दाजी, तर तिथनंच वळा. गॅसची नळी नारंगी सुरक्षा पाइप आहे का आणि तिच्यावरची तारीख बघा, जोडांना साबणाचं पाणी लावा, लायटरनं लीक बघणारा दिसला तर गाडी घेऊन पळा.

स्पिती यंदा नाही. हीटर काढून काकांकडं भंगारात दिला, गाडीत आता दोन घोंगडी आहेत. धुराडं मात्र परत बसवलं तिथंच, कारण काढलं तर रिवेटची चार भोकं उघडी राहतात आणि पावसाळ्यात पाणी आत येईल.