दातांच्या दवाखान्याचा रिव्ह्यू: आदल्या दिवशी आलेला तो फोन

रिव्ह्यू खरं तर ट्रीटमेंटचा लिहायचा असतो पण मला ट्रीटमेंटच्या आधीचं लिहायचंय, कारण या दवाखान्यावर विश्वास बसला तो तिथेच.

आईची खालची डावी दाढ दोन महिने दुखत होती. आधी दुसरीकडे दाखवलं होतं, तिथे खुर्चीत बसल्या बसल्या "काढून टाकू" असं ठरलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत ते कोणी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही, दातदुखीचा नि बाकीच्या गोळ्यांचा काय संबंध असंच वाटत होतं ना. त्या दिवशी त्यांना वेळ नव्हता म्हणून दाढ राहिली, तेवढंच बरं झालं.

मग या दवाखान्यात अपॉइंटमेंट घेतली तर आदल्या दिवशी तिथल्या असिस्टंट ताईंचा फोन आला. मला वाटलं वेळ कन्फर्म करतील आणि ठेवतील, पण त्या चांगल्या दहा-बारा मिनिटं बोलल्या. बीपी, शुगर, हार्टचं ऑपरेशन किंवा व्हॉल्व्ह बदललाय का, पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी, रक्त पातळ करायची गोळी, आणि मग म्हणाल्या "हाडांसाठी काही घेतात का, आठवड्यातून एकदाची गोळी किंवा इंजेक्शन?" आई घेते! अलेंड्रोनेट 70 मिलीग्रॅम, दर रविवारी, पाच वर्षं झाली. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात ती नसतेच त्यामुळे आमच्या डोक्यातही आली नसती. ताई म्हणाल्या ती स्ट्रिप बरोबर आणा, डॉक्टरांना बघायची असेल.

नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं. या गोळ्या हाडाची झीज थांबवतात पण त्यामुळे जबड्याचं हाड स्वतःची दुरुस्तीही हळू करतं, दाढ काढल्यावर ती जागा क्वचित कधी भरतच नाही आणि हाड उघडं राहतं. तोंडाने घ्यायच्या गोळीत हा धोका कमी असतो पण जितकी जास्त वर्षं घ्याल तितका वाढतो, म्हणून दाढ वाचत असेल तर काढायची नाही. एक्सरे काढला, दाढ वाचण्यासारखी होती, रूट कॅनल केलं. तो प्रश्न कोणी विचारला नसता तर आम्ही दाढ काढून मोकळे झालो असतो, हे आठवलं की मला अजून कसंतरी होतं.

फोनवर अजून एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली, की कुठलीच गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. आईला अ‍ॅस्पिरिन पण आहे आणि मी ती दोन दिवस थांबवणारच होते, रक्त जास्त येईल म्हणून. त्या म्हणाल्या एखाददुसरा दात काढताना येणारं रक्त दाबून बहुतेक वेळा थांबवता येतं, पण गोळी बंद करून गुठळी झाली तर ते फार महागात पडतं, थांबवायची की नाही ते गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवायचं.

जेवणाचंही माझं उलटंच होतं, मी आईला उपाशी नेणार होते. नुसती त्या भागाची भूल असेल तर खाऊनच यायचं, रिकाम्या पोटी चक्कर येते, आणि शुगरवाल्यांनी गोळी घेऊन खाल्लं नाही तर शुगर खाली जाते. झोपेचं औषध किंवा पूर्ण भूल असेल तर मात्र साधारण सहा तास आधीपासून जेवण बंद, ते वेगळं सांगतात.

आणि दुखणं लिहून आणायला सांगितलं, हे मला फार आवडलं. थंड पाण्याने कळ येते ती लगेच जाते की रेंगाळते, रात्री झोपमोड होते का, चावताना दुखतं का, शेवटची पेनकिलर किती वाजता घेतली. एरवी डॉक्टरांसमोर आई "दुखतं हो" एवढंच म्हणते, यावेळी कागद पुढे केला, त्यावर होतं की थंडाची कळ मिनिटभर टिकते आणि पहाटे जाग येते, तेवढ्यावरून डॉक्टरांचा आतल्या नसेवर संशय गेला आणि मग टेस्ट करून खात्री केली. तोंडात बघताना हिरडीवर पांढरा चट्टा दिसला, आईने एकदा अ‍ॅस्पिरिनची गोळी तिथेच दाबून धरली होती म्हणे, त्याने हिरडी भाजते. असं कोणी करत असेल तर प्लीज करू नका, गोळी पाण्याबरोबर गिळायचीच असते.

ट्रीटमेंट चांगली झाली, डावा हात वर केला की थांबायचं असं आधीच ठरवलेलं, आईने दोनदा केला आणि दोन्ही वेळा डॉक्टर लगेच थांबले. भूल उतरायला तीनेक तास लागले, तोवर काही खाऊ नका, गाल चावला जातो हे निघताना सांगितलंच.

आता खटकलेलं. वेळ देऊनही पस्तीस मिनिटं बसवलं, म्हाताऱ्या माणसाला भीती घेऊन तेवढं बसणं जड जातं. फॉर्मची अक्षरं इतकी बारीक की आईला वाचताच येईना, मी भरला. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोन उचलला नाही तर नुसता मेसेज येतो, मैत्रिणीला तसाच आला होता तो मी बघितला, त्यात हाडांच्या गोळीचं एक अक्षर नाही! तो प्रश्न मेसेजमध्ये घाला असं मी रिसेप्शनवर सांगून आलेय. म्हणून पाचपैकी चार स्टार, मेसेज बदलला की पाचवा देईन.

कॅप बसवायला पुढच्या आठवड्यात जायचंय, आईने सगळ्या स्ट्रिपा एका पिशवीत घालून ठेवल्यात, रविवारची सुद्धा.