टीममधील ‘छुपे दोष’ दाखवणारा कोच : हिंगण्यातील एका कारखानदाराचा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आमचा इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल तयार करण्याचा कारखाना आहे. मी आणि माझा मावसभाऊ असे दोघे भागीदार असून कार्यालय आणि शॉपफ्लोअर मिळून सुमारे पस्तीस माणसे कामाला आहेत. ज्या गृहस्थाने बिझनेस कोच म्हणून आम्हाला फसवले, त्याचे नाव तक्रार प्रलंबित असल्याने येथे देत नाही. त्याची पद्धत मात्र सविस्तर लिहितो, कारण बुटीबोरी आणि कळमेश्वर भागातील उद्योजकांकडेही तो याच कामासाठी जात असल्याचे आता समजले आहे.

पहिली भेट रामदासपेठेतील एका हॉटेलात, मोफत सत्राला झाली. उद्योजकाच्या नजरेआड टीममध्ये जे चाललेले असते तेच त्याचा धंदा अडवते, हा त्याच्या बोलण्याचा गाभा होता, आणि ज्याच्याकडे ऑर्डर असूनही माल वेळेवर निघत नाही अशा कोणालाही ते पटण्यासारखेच होते. सहा महिन्यांच्या कार्यक्रमाचे शुल्क ४,५०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ५,३१,००० रुपये ठरले. टीडीएस (पैसे देतानाच कापायचा आयकर) कापून सर्व रक्कम पहिल्या दोन महिन्यांत दोन हप्त्यांत देण्यात आली.

सुरुवातीला त्याने प्रत्येक कर्मचाऱ्याची बंद खोलीत स्वतंत्र मुलाखत घेतली. मोबाइल बाहेर ठेवायला लावले आणि येथे बोललेले येथेच राहील, मालकापर्यंत जाणार नाही, असा शब्द प्रत्येकाला दिला. त्यानंतर आठवडाभरात तो मला रात्री फोन करून कोण काय बोलले ते नावानिशी सांगू लागला. या सगळ्याचा रोख एकाच माणसावर होता, तो म्हणजे अकरा वर्षे आमच्याकडे असलेले आमचे प्रॉडक्शन मॅनेजर. ‘सर, ते तुमच्या पाठीमागे स्वतःची वेगळी फळी उभी करत आहेत,’ असे तो सांगत असे. आम्ही शंका काढली, तर ही शंका हेच संस्थापकाच्या आंधळेपणाचे लक्षण आहे, असे त्याचे उत्तर तयार असे. हो म्हटले तरी त्याचे खरे आणि नाही म्हटले तरी त्याचेच खरे, अशी ही मांडणी असल्यामुळे तिला कशानेच खोटे ठरवता येत नव्हते, आणि त्याचा सगळा धंदा याच सोयीवर चालतो असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

महिनाभराने प्रत्येकाचा ‘नेतृत्व आराखडा’ म्हणून रंगीत छापील अहवाल आला. त्यात आमच्या मॅनेजरांविषयी असे वाक्य होते : ‘बाहेरून शिस्तबद्ध व संयमी दिसणारी ही व्यक्ती आतून अनेकदा चिंताग्रस्त आणि असुरक्षित असते.’ वाचताना ते अगदी त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखे वाटते. वस्तुस्थिती अशी, की अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेऊन त्या सर्वांना स्वतंत्र अहवालाच्या नावाखाली एकच मजकूर दिला होता, आणि त्यातही नेमके याच अर्थाचे वाक्य होते. तो मजकूर बहुतांशी ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवलेला होता, तरीही विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला ५ पैकी सरासरी ४.२६ गुण दिले होते. वर्तमानपत्रातले राशिभविष्य ज्या कारणाने पटते, त्याच कारणाने आमचा हा अहवालही पटत होता, फक्त त्याची किंमत वेगळी होती.

कारखान्यातले वातावरण बिघडत गेले आणि मॅनेजरांनी राजीनामा दिला. निरोप घेताना ते एवढेच म्हणाले, ‘भाऊ, म्या तं त्याले चहाच्या वेळच्या गोष्टी सांगितल्या होत्या. त्यानं त्याचं हे केलं का?’ त्यांच्या जागी माणूस मिळवून देण्यासाठी कोचने आपल्या ओळखीची एक एजन्सी सुचवली आणि नव्या माणसाच्या एका महिन्याच्या पगाराइतके कमिशन तिला आमच्याकडून मिळाले. पुढे आमचे जुने मॅनेजर बुटीबोरीतील एका कारखान्यात लागल्याचे कळले. तेथील मालकांशी माझी जुनी ओळख असल्याने मी त्यांना जाऊन भेटलो, तेव्हा त्यांच्याकडेही हाच कोच येत असल्याचे समजले. ‘अनुभवी माणूस शोधून देतो’ म्हणून त्यांच्याकडूनही एजन्सीने कमिशन घेतले होते. आम्ही दोन्ही बिले टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. एजन्सीची नावे वेगळी होती, पण खाली छापलेला बँक खाते क्रमांक एकच होता. अहवाल काढून पाहिले, तर त्यांच्या स्टोअरकीपरविषयीचा दुसऱ्या पानावरचा परिच्छेद आमच्या मॅनेजरांच्या परिच्छेदाशी शब्दशः जुळत होता.

थोडक्यात, एका कारखान्यातील माणूस नासका ठरवून बाहेर काढायचा, तोच दुसऱ्या कारखान्याला हिरा म्हणून द्यायचा, आणि मधल्या वाटेवर दोन्हीकडून पैसे घ्यायचे, असा हा व्यवहार होता.

कोचच्या बिलातील गोष्ट आमच्या सीएंच्या लक्षात आली. आम्ही भरलेला ८१,००० रुपयांचा जीएसटी आमच्या जीएसटीआर-२बीमध्ये, म्हणजे पुरवठादारांनी नोंदवलेल्या बिलांच्या पोर्टलवरील मासिक विवरणात, दिसत नव्हता, म्हणजे त्याचे क्रेडिटही (आमच्या देय करातून वजावटही) मिळणार नव्हते. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. त्यात पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्राचे २७) आणि पुढची दहा अक्षरे नोंदणीधारकाचा पॅन असतो. आमच्या बिलावर वेगळा छापलेला पॅन या दहा अक्षरांशी जुळतच नव्हता, कारण तो जीएसटी क्रमांक दुसऱ्याच कोणाचा होता. कोणतेही बिल हातात घेऊन ही पडताळणी अर्ध्या मिनिटात होते, आणि जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकल्यास नोंदणीधारकाचे नावही दिसते.

दाद मागण्याच्या बाबतीतही काही गोष्टी आधी माहीत असाव्यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी हेतूने सेवा घेणारा ‘ग्राहक’ धरला जात नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करणाऱ्याला यातून सवलत आहे, आणि पस्तीस माणसांच्या भागीदारी संस्थेला ती मिळणे अवघड असल्याचे आमच्या वकिलांनी सांगितले. पोलीस ठाण्यात प्रथम ‘हा दिवाणी वाद आहे’ असेच ऐकावे लागले. खोटा जीएसटी क्रमांक आणि दोन बिलांवरचे एकच खाते पुढे ठेवल्यावर अर्ज स्वीकारला गेला, कारण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालील फसवणुकीसाठी सुरुवातीपासूनचा अप्रामाणिक हेतू दाखवावा लागतो. राज्य जीएसटी विभागाकडेही स्वतंत्र तक्रार केली आहे. रक्कम तीन लाखांहून अधिक असल्याने व्यावसायिक न्यायालयात दावा करता येतो, मात्र तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसल्यास त्याआधी मध्यस्थीची पायरी घ्यावीच लागते.

या क्षेत्रात सगळेच असे आहेत असे मी म्हणणार नाही. मात्र कोच म्हणवून घेण्यासाठी आपल्याकडे कोणताही परवाना लागत नाही. आमच्या कोचचे ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र’ दोन दिवसांच्या कार्यशाळेचे निघाले. कोचना प्रमाणपत्र देणाऱ्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या सर्वांत खालच्या पातळीसाठीसुद्धा ६० तासांचे प्रशिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, तर सर्वोच्च पातळीसाठी २,५०० तासांचा. जाणकार कोच कर्मचाऱ्यांशी बोलण्यापूर्वीच कोणती माहिती मालकाला मिळेल आणि कोणती मिळणार नाही, हे लेखी ठरवतो आणि ते कर्मचाऱ्यांनाही दाखवतो. तो मालकाला नावे देत नाही, मुद्दे देतो. मुलाखतीनंतर कोणी नावे पुरवू लागला, तर बाकीचे शुल्क थांबवण्यास तेवढे कारण पुरेसे आहे. आपल्या ग्राहकाकडे माणसे पुरवून कमिशन घेणार नाही, अशी अटही करारात लिहून घ्यावी.

आमच्याकडचा उशीर कशामुळे होत होता, हे ऑर्डरच्या फायली काढून बसल्यावर दोन दुपारींत समजले. ड्रॉइंग मंजूर झाल्यानंतर तांब्याच्या बसबारची (पॅनेलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या पट्ट्यांची) खरेदी आम्हा दोघा भागीदारांच्या सह्यांसाठी अडून राहत होती. ती अट आता ठरावीक रकमेपर्यंत काढून टाकली आहे. जुने मॅनेजर परत आलेले नाहीत. बुटीबोरीत त्यांना पगार चांगला आहे आणि त्यांनी यावे असा आग्रहही आम्ही धरलेला नाही. ज्यांच्याकडे असा रंगीत अहवाल आलेला असेल, त्यांनी तो फेकून देऊ नये. बिल, बँकेच्या नोंदी आणि टीडीएसचे चलन यांसह तो जपून ठेवावा आणि परिचयातील दुसऱ्या उद्योजकाच्या अहवालाशी पानागणिक ताडून पाहावा. आमच्या तक्रारीला अशाच दोन प्रतींमुळे बळ आले आहे आणि तिसरी मिळाल्यास ती तपास अधिकाऱ्यांकडे देण्याची आमची तयारी आहे.