पार्ल्यातल्या आठवडी बाजाराची मिश्र टोपली: मेथी घ्या, टोमॅटो नको
मिश्र टोपली म्हणजे एकाच शेतकऱ्याने एका एकरात पिकवलेल्या सात-आठ भाज्या. बाजी मारते मेथी. दर आठवड्याला एक वाफा पेरला की 25-30 दिवसांनी कोवळी जुडी मिळत राहते. मात्र ओली जुडी गोणीत दाबून भरली की मधली पानं पिवळी, चिकट होतात; जुडी सोडून बघाच.

टोमॅटोत टोपली हरते. चार ओळींच्या लागवडीत एकसारखी प्रतवारी कुठून येणार? नारायणगाव पट्ट्यातले फक्त टोमॅटो करणारे शेतकरी झाडं तार-काठीवर बांधतात, रंग धरताच फळ तोडून क्रेटमध्ये भरतात. तो माल टिकतो. भाव पडला की सगळंच बुडतं, ते वेगळं.

गवार मोडून बघा, कट्कन तुटली तरच पिशवीत टाका.