मसाई पठारावरचं आकाशदर्शन: नवख्यांनी जरूर जावं

पन्हाळ्याच्या पुढे मसाई पठारावर अमावस्येच्या सुमारास झालेल्या आकाशदर्शनाला पहिल्यांदाच गेलो. कोल्हापूरच्या दिव्यांचा उजेड आग्नेयेला क्षितिजाशी दिसतो, पण डोक्यावर काळंभोर आभाळ. मोबाईल खिशात, टॉर्चला लाल जिलेटिन कागद. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात, म्हणून हा नियम कडक पाळतात, आणि ते बरोबरच आहे.

आठ इंची डॉब्सोनियनमधून (साध्या बैठकीवरची, आरशाची दुर्बीण) मृग नक्षत्रातला तेजोमेघ, म्हणजे वायू-धुळीचा चमकणारा ढग, पाहिला. फोटोतला गुलाबी रंग शोधू नका, डोळ्याला तो राखाडी धुरासारखा दिसतो. दुर्बिणीपाशी उभ्या ताई म्हणाल्या, "थेट बघू नका, नजर जरा बाजूला ठेवा." तसं केलं आणि मेघ दोन्ही बाजूंनी पसरत गेला, मधोमध चार बारीक तारे! सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड. गुरूचे चार चंद्रही दिसले, गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिले तेच.

तक्रार एकच: दुर्बिणी कमी, रांग मोठी. लहान पोरं पेंगायला लागतात. जानेवारीत पठारावर वारा झोंबतो, कानटोपी घ्याच. दुर्बीण विकत घ्यायच्या विचारात असाल तर आधी इथं या. लई भारी माणसं आहेत, तेच ते प्रश्न विचारले तरी न कंटाळता समजावतात.